ठिसूळ हाडांच्या मुलाचा मुतखडा काढायचाय? दुर्बीण शस्त्रक्रियेच्या तयारीपासून घरी परतेपर्यंत

मी भूलतज्ज्ञ आहे. ठिसूळ हाडांच्या मुलाच्या मूत्रपिंडातला खडा काढायचा ठरला की आईवडील विचारतात, "डॉक्टर, सगळ्यात धोक्याची वेळ कोणती?" दुर्बीण मूत्रपिंडात असते ती, असं त्यांना वाटत असतं. मला सगळ्यात जास्त काळजी असते ती स्ट्रेचरवरून टेबलावर सरकवण्याच्या अर्ध्या मिनिटाची, पालथं करण्याची, पाय फाकवून आधारावर ठेवण्याची आणि बीपीचा पट्टा आवळण्याची. खडा काढण्याची कला आता फार पुढे गेली आहे. हाड मात्र आजही उचलताना मोडतं.

याचं कारण साधं आहे. जागं मूल स्वतःला सांभाळतं. कुणी हात चुकीचा धरला की ते ओरडतं, अंग आखडून घेतं. भूल दिल्यावर स्नायू सैल पडतात, दुखणं कळत नाही, तक्रार करणारं कुणी उरत नाही. तेवढा वेळ त्या मुलाच्या वतीने दुसऱ्या कुणीतरी सावध राहावं लागतं. ती सावधगिरी कशी आखायची, त्यासाठी हा लेख.

माझ्या उमेदवारीच्या काळातली एक गोष्ट आधी सांगते. एका रुग्णालयात सात वर्षांचा मुलगा होता, ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टाचा, म्हणजे ज्याला आपण सगळे ओआय म्हणतो त्या आजाराचा. शस्त्रक्रिया छान झाली. दर तीन मिनिटांनी आपोआप फुगणारा बीपीचा पट्टा मीच त्याच्या दंडाला बांधला होता, नेहमीच्या सवयीने. शुद्धीवर आल्यावर तो तो हात उचलेना. एक्स-रेत दंडाच्या हाडाला तडा दिसला. त्याच्या आईने मला एकच विचारलं, "मला विचारलं का नाही? मी सांगितलं असतं, उजव्या हाताला लावू नका." त्या दिवसापासून अशा मुलाची भूल ठरवताना मी आधी आईशी बोलते.

खडा मुळात होतो कशाने

ओआय हा जन्मजात आजार. हाडांना लवचिकपणा देणारं टाइप १ कोलॅजन नीट बनत नाही. बहुतेक मुलांत COL या गटातल्या दोन जनुकांपैकी, कॉल-१-ए-१ किंवा कॉल-१-ए-२ मध्ये, दोष असतो. साधारण पंधरा ते वीस हजार जन्मांमागे एक मूल असं जन्मतं. यातल्या बऱ्याच मुलांच्या लघवीतून कॅल्शियम जास्त जातं. त्यात फ्रॅक्चर झालं की प्लास्टर, प्लास्टर म्हटलं की महिना-दीड महिना अंथरुण, आणि हाडावर भार पडेनासा झाला की हाडातलं कॅल्शियम रक्तात उतरून लघवीवाटे बाहेर पडतं.

आणखी एक कारण मला वॉर्डात फिरताना कळलं. कमरेपासून पायापर्यंत प्लास्टर असलेलं मूल पाणी पीत नाही. भांडं सरकवताना दुखतं, म्हणून ते तहान मारतं. घट्ट लघवी आणि जास्त कॅल्शियम एकत्र आले की खडा धरायला वेळ लागत नाही.

ड जीवनसत्त्वाकडेही लक्ष द्या. ६०,००० युनिटची पुडी आठवड्याला घ्यायला सांगितलेली असते, ती किती आठवडे घ्यायची होती ते घरात कुणालाच आठवत नाही आणि पुडी वर्षभर चालू राहते. खडा सापडला की मूल घेत असलेलं प्रत्येक औषध, टॉनिक, कॅल्शियमची गोळी, पुडी हे सगळं पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवा.

दुखणं खड्याचं की मणक्याचं?

या मुलांत हा घोळ दोन्ही बाजूंनी होतो. कुशीत दुखतंय म्हटलं की घरचे समजतात मणका दबला असेल, आणि खडा महिनोन्महिने लपून राहतो. उलटही घडतं. ढोबळ खूण अशी: हाड मोडलेलं मूल निपचित पडून राहतं, हलवू देत नाही, खड्याची कळ आलेलं मूल तळमळतं, त्याला कोणत्याच कुशीवर चैन पडत नाही, बऱ्याचदा उलटी होते. लघवी लालसर किंवा चहाच्या रंगाची झाली, वारंवार जंतुसंसर्ग झाला तर सोनोग्राफी करून घ्या.

कुशीत दुखणं आणि त्याबरोबर थंडी वाजून ताप आला, तर मात्र सकाळची वाट पाहू नका. अडलेल्या मूत्रपिंडात पू साठत असू शकतो. अशा वेळी खडा त्याच रात्री काढत नाहीत; आधी नळी घालून लघवीला वाट करून देतात, संसर्ग आटोक्यात आणतात, खड्याचं नंतर बघतात. "खडा तसाच ठेवला" म्हणून नाराज होऊ नका, तोच योग्य क्रम आहे.

तपासण्या

मुलांत पहिली तपासणी सोनोग्राफीच. किरण नाहीत, दुखत नाही. पण पाठीचा कणा वाकलेला असेल, छाती आखूड असेल, तर मूत्रपिंड नेहमीच्या जागी नसतं, आतडंही त्याच्या मागे सरकलेलं असू शकतं. पाठीतून छिद्र करायचा विचार असेल तर अशा मुलाचा कमी किरणांचा सीटी स्कॅन आधी हवाच. सुई कुठून जाणार आणि वाटेत काय येणार, ते त्यावरून ठरतं.

लघवीची कल्चर तपासणी शस्त्रक्रियेआधी झालीच पाहिजे. जंतू असतील तर योग्य प्रतिजैविक सुरू करून मगच टेबलावर घ्यायचं. रक्तातल्या क्रिएटिनिनवर एकट्यावर विसंबू नका, हे मी आवर्जून सांगते. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं. या मुलांचे स्नायू बारीक असतात, त्यामुळे मूत्रपिंड थकलेलं असूनही आकडा 'नॉर्मल' दिसू शकतो. शंका असेल तर सिस्टॅटिन-सी ही तपासणी करता येते का ते विचारा.

भुलेसाठी आम्हाला आणखी काही हवं असतं. हृदयाचा टूडी इको, कारण कोलॅजन हृदयाच्या झडपांत आणि महाधमनीतही असतं. कणा वाकलेला असेल तर फुप्फुसांची क्षमता. मान दुखणं, डोकेदुखी, हातापायांत मुंग्या असं काही असेल तर कवटी आणि मान जिथे जुळतात त्या भागाचं स्कॅनिंग, कारण तिथलं हाड मऊ पडून आत दबलेलं असू शकतं. दात पिवळट-करडे, ठिसूळ असतील तर तसं सांगा. थोडं आपटलं तरी काळंनिळं पडतं का, तेही सांगा; या मुलांत प्लेटलेटची संख्या बरोबर असूनही रक्त थांबायला वेळ लागू शकतो.

हाडांसाठीचं पामिड्रोनेट किंवा झोलेड्रोनिक ॲसिडचं सलाईन कधी झालं आणि पुढचं कधी आहे, ती तारीख युरॉलॉजिस्टला, म्हणजे खडा काढणाऱ्या मूत्रविकारतज्ज्ञाला द्या. पहिल्या डोसनंतर ताप येतो. तो ताप आणि शस्त्रक्रियेनंतरचा जंतुसंसर्गाचा ताप यांची गल्लत व्हायला नको. शिवाय ही औषधं मूत्रपिंडावाटेच बाहेर पडतात. मूत्रपिंड अडलेलं असताना किंवा मूल कोरडं पडलेलं असताना ती द्यायची नसतात. अस्थिरोगतज्ज्ञ आणि युरॉलॉजिस्ट यांना एकमेकांशी फोनवर बोलायला लावा. निरोप्याचं काम तुम्ही अंगावर घेऊ नका, त्यात अर्धं विसरलं जातं.

कोणती पद्धत निवडायची

बाहेरून लहरी मारून खडा फोडणं म्हणजे लिथोट्रिप्सी. साधारण मुलांत लहान खड्यासाठी ती पहिली पसंती असते. ठिसूळ हाडांच्या मुलांत मात्र दोन अडचणी येतात. कणा फार वाकलेला असेल तर लहर खड्यावर नेमकी रोखताच येत नाही; हाडांचा तीव्र व्यंगपणा हे ही पद्धत टाळण्याचं मान्य कारण आहे. दुसरं, लहरीच्या वाटेत ठिसूळ फासळी किंवा मणका यायला नको. सौम्य आजार, सरळ कणा, लहान खडा असेल तर विचार होऊ शकतो. पण "काप नाही, छिद्र नाही" एवढ्यावर भुलून होकार देऊ नका. लहान मुलाला यातही भूल लागते आणि तुकडे नंतर मूत्रवाहिनीत अडकू शकतात.

लघवीच्या वाटेने लवचिक दुर्बीण वर नेऊन लेसरने खडा फोडतात, त्याला आरआयआरएस म्हणतात. कुठेच छिद्र नाही, रक्तस्राव कमी, आणि मूल उताणं राहतं. दोन सेंटिमीटरच्या आतल्या खड्यासाठी मला या मुलांत ही पद्धत आवडते. दुर्बीण साधारण अडीच मिलिमीटर जाडीची असते, लहान मुलाची मूत्रवाहिनी मात्र बऱ्याचदा त्याहून अरुंद. मग आधी डीजे स्टेंट नावाची मऊ नळी घालून एक-दोन आठवडे थांबतात, वाट आपोआप रुंदावते. म्हणजे भूल दोनदा, आणि स्टेंट काढायला कदाचित तिसऱ्यांदा. प्रत्येक भुलेबरोबर उचलणं-ठेवणं आलंच. हा हिशोब डॉक्टरांशी बसून करा.

खडा मोठा असेल, दोन सेंटिमीटरच्या वर किंवा फांद्या फुटलेला, तर पाठीतून किंवा कुशीतून छिद्र करून काढण्याची पीसीएनएल. ही पद्धत १९७६ साली स्वीडनमधून जगापुढे आली, तेव्हा मोठ्यांसाठी होती आणि छिद्र जवळजवळ एक सेंटिमीटरचं. मुलांसाठी पुढे मिनी पीसीएनएल आली, तिचं छिद्र पाच-सहा मिलिमीटरचं. त्याहून बारीक मायक्रोपर्क, फक्त १.६ मिलिमीटरच्या सुईतूनच बघायचं आणि लेसर चालवायचं. तिचा पहिला अहवाल २०११ मध्ये प्रसिद्ध झाला, तो आपल्या शेजारच्या गुजरातेतल्या नडियादच्या मुळजीभाई पटेल युरॉलॉजिकल हॉस्पिटलच्या डॉ. महेश देसाई आणि सहकाऱ्यांचा. कागदावर छिद्राची जाडी 'फ्रेंच' या मापात लिहिलेली असते. तिला तीनाने भागलं की मिलिमीटर मिळतात. १५ फ्रेंच म्हणजे पाच मिलिमीटर.

आमच्या मुलांसाठी बारीक छिद्राचा फायदा रक्तस्रावापुरता नाही. जाड, ताठ दुर्बीण फासळीवर टेकवून तरफेसारखी फिरवली तर फासळीच मोडू शकते. म्हणून सर्जनला सरळ विचारा: छिद्र फासळ्यांच्या खालून होईल का? कोपऱ्यातला तुकडा राहिला तर ताठ दुर्बीण रेटणार की लवचिक वापरणार? पालथं करणार की उताणं ठेवूनच करणार? उताणं ठेवूनही पीसीएनएल होते, आणि ज्याला तिचा सराव आहे असा सर्जन मिळाला तर उलटं करण्याची जोखीमच संपते. पण सराव पालथ्याचा असेल तर हट्ट धरू नका. हात बसलेली पद्धतच सुरक्षित.

खाटेवरचा कागद

भरती होण्याआधी एका पानावर, मोठ्या अक्षरांत, मराठीतच लिहा, कारण उचलणारे मामा-मावशी तेच वाचणार. कोणता हात वाकलेला आहे, कोणत्या मांडीत रॉड आहे, पाय किती फाकतो, मान किती वळते, शेवटचं फ्रॅक्चर कधी झालं, बीपीचा पट्टा कुठे चालतो. खाली ठळक ओळ: काखेत हात घालून उचलू नये, हात-पाय ओढू नयेत, पंजे पसरून डोकं, पाठ आणि बूड यांखाली आधार द्यावा. लंगोट बदलताना घोटे धरून पाय वर उचलू नयेत. हा कागद खाटेला आणि फाईलवर चिकटवा. निदानाच्या पत्राची प्रतही जवळ ठेवा. एक्स-रेत जुनी फ्रॅक्चर्स बघून अनोळखी डॉक्टरला मुलाला मारहाण झाल्याची शंका येऊ शकते.

एका नऊ वर्षांच्या मुलीची आई घरून जुनी मऊ नऊवारी घेऊन आली होती, चौपदरी घडी घातलेली. तिने वॉर्डातल्या चौघांना उभं केलं, चारी कोपऱ्यांची पकड दाखवली आणि स्वतः डोक्याशी उभी राहून म्हणाली, "मी 'चला' म्हटल्यावरच." दोनदा तालीम झाली, मुलगी हसत होती. दुसऱ्या दिवशी थिएटरात आम्ही तीच साडी, तेच चौघं आणि तोच शब्द वापरला.

आदल्या दिवसाची तालीम

सर्जनला सांगा की मूल जागं असताना, शस्त्रक्रियेत ठेवायचं त्याच स्थितीत एकदा ठेवून बघूया. पाय किती फाकवल्यावर ते कळवळतं, हात कुठपर्यंत वर जातो, हे तेच सांगेल. तिथे खूण करून ठेवायची आणि भुलेत त्या पलीकडे जायचं नाही. पाच मिनिटांचं काम आहे.

उपवासाबद्दल गैरसमज फार. घन जेवण आणि वरचं दूध सहा तास आधी बंद, आईचं दूध चार तास आधी, पण साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. खड्याच्या मुलाला रात्रभर तहानलेलं ठेवू नका. नंबर पुढे ढकलला गेला तर सलाईन सुरू करायला सांगा.

आत आम्ही काय करतो

तुम्ही दाराबाहेर असता, म्हणून आतलं सांगते. शिरेची सुई शक्यतो सोनोग्राफीने शीर बघून, दंड रबराने आवळण्याऐवजी हलक्या हाताने दाबून. बीपीचा पट्टा मऊ कापसावर, कमीत कमी वेळा. शस्त्रक्रिया लांबणार असेल तर धमनीत बारीक सुई घालून बीपी बघता येतो. सक्सिनिलकोलीन हे औषध टाळतो, कारण त्याने स्नायू फडफडतात आणि तेवढ्या धक्क्यानेही हाड मोडू शकतं. श्वासनलिकेत नळी घालताना मान मागे ताणायची नाही, व्हिडिओ लॅरिंगोस्कोपने बघून घालायची.

तापमानाचा प्रश्न नाजूक असतो. ओआयच्या काही मुलांचं अंग भुलेत तापतं, तर दुर्बिणीतून सतत सोडलेलं सलाईन थंड असेल तर लहान अंग गारठतं. म्हणून सलाईन कोमट, आणि तापमापक सुरुवातीपासून शेवटपर्यंत. लघवीच्या वाटेने जाताना पाय उंच आधारांवर टांगण्याऐवजी टेबलावरच थोडे फाकवून खाली उशा देता येतात. पालथं करायचंच असेल तर छाती आणि कमरेखाली जेलच्या गाद्या, पोट मोकळं, हात अंगाजवळ. तुम्ही भूलतज्ज्ञाला एवढंच विचारा: "ओआयच्या मुलाला याआधी भूल दिली आहे का? पट्टा, मान आणि पाय यांचं काय ठरवलंय?" चांगला डॉक्टर या प्रश्नावर चिडत नाही.

शुद्धीवर येताना

भुलेतून उठताना काही मुलं भेदरून हातपाय झाडतात. साध्या मुलात ते थोड्या वेळात निवळतं, आमच्या मुलात तेवढ्यात मांडी मोडते. म्हणून रिकव्हरीत आई किंवा बाबा आधीपासून हजर असावेत, ही परवानगी आदल्या दिवशीच मागून ठेवा. ओळखीचा आवाज कानाशी असला की मूल शांत उठतं.

वॉर्डात आल्यावर प्रत्येक हात, प्रत्येक पाय मूल स्वतःहून हलवतंय का ते बघा. हलवत नसेल, हात लावल्यावर रडत असेल, तर "सुईमुळे दुखत असेल" यावर समाधान मानू नका, एक्स-रे मागा. लघवी एक-दोन दिवस फिकट गुलाबी येते, स्टेंट असेपर्यंत मधूनमधून येतच राहते. लघवीत रक्ताच्या गाठी पडल्या, सहा-आठ तास लघवीच झाली नाही किंवा ताप १०० अंशांच्या वर गेला तर लगेच कळवा. दुखण्यासाठी पॅरासिटामोल उत्तम. दुसरी वेदनाशामकं मूत्रपिंडाला विचारून, म्हणजे युरॉलॉजिस्टला विचारूनच. दुसऱ्या दिवशी मुलाला बसतं करा, नेहमीच्या हालचाली लवकर सुरू करा. अंथरुणात जितके दिवस, तितकं कॅल्शियम लघवीत.

स्टेंटची तारीख

आत स्टेंट ठेवला असेल तर तो काढायची तारीख डिस्चार्ज कार्डावर लिहून घेतल्याशिवाय घरी जाऊ नका. बहुधा दोन ते चार आठवड्यांत काढतात. विसरलेल्या स्टेंटवर खडे चढतात आणि मग तो काढायला पहिल्यापेक्षा मोठी शस्त्रक्रिया लागते. काही वेळा स्टेंटला बाहेर दोरा ठेवतात, मग काढायला भूल लागत नाही; मुलाच्या वयाला ते जमेल का विचारा.

खर्चाचंही आधी बघा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, त्याला शस्त्रक्रियेचं नेमकं नाव सांगून पॅकेज विचारा. ओआयवरचे बिस्फॉस्फोनेट उपचार, म्हणजे वर सांगितलेल्या पामिड्रोनेट-झोलेड्रोनिक ॲसिड गटातली औषधं, २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरणाच्या दुसऱ्या गटात येतात. मुंबईचं केईएम हे त्या धोरणाखालचं एक केंद्र आहे.

घरी: पुन्हा खडा होऊ नये म्हणून

काढलेला खडा टाकून देऊ देऊ नका, तपासणीला पाठवायला सांगा. त्यानंतर लघवीतलं कॅल्शियम, खडा रोखणारं सिट्रेट, खडा बनवणारी ऑक्झलेट आणि सिस्टिन ही द्रव्यं बघतात. चोवीस तासांच्या लघवीत वजनाच्या दर किलोमागे ४ मिलिग्रॅमपेक्षा जास्त कॅल्शियम असेल तर ते जास्त. गरज पडली तर पोटॅशियम सिट्रेट किंवा थायझाइड गटातलं औषध देतात.

घरोघरी पहिली चूक होते ती दूध बंद करण्याची. आजी म्हणतात, दुधाने खडा होतो. ठिसूळ हाडांच्या मुलाचं दूध, दही, नाचणी तोडणं म्हणजे हाडांवर दुसरा घाव. जेवणातलं कॅल्शियम आतड्यात ऑक्झलेटला धरून ठेवतं, त्याने उलट खडा टळतो. तोडायचं ते मीठ: पापड, लोणचं, फरसाण, वेफर्स. मीठ वाढलं की लघवीतलं कॅल्शियम वाढतं. कुळथाचं कढण मुलाला आवडत असेल तर जरूर द्या, पण त्याच्या भरवशावर सोनोग्राफी पुढे ढकलू नका.

पाणी किती, याचं माप लघवीवरून घ्या. पाच वर्षांखालच्या मुलाची दिवसाची लघवी एक लिटर, पाच ते दहाला दीड लिटर, दहाच्या वर दोन लिटर व्हायला हवी. तान्ह्या बाळाची लघवी पाऊण लिटर. रंग पाण्यासारखा फिका. रात्री झोपताना एक पेला द्याच.

आणि शाळेत जाऊन या. व्हीलचेअरवरची मुलं शाळेत पाणी पीत नाहीत, कारण स्वच्छतागृहाच्या दारातून खुर्ची आत जात नाही किंवा मदतीला कुणी नसतं. मुख्याध्यापकांना डॉक्टरांचं पत्र दाखवा, वर्गात बाटली ठेवायची आणि हवं तेव्हा उठायची परवानगी घ्या, मदतीला कोणत्या मावशी येतील ते नावानिशी ठरवा, आणि त्या मावशींना मुलाला कसं उचलायचं ते एकदा स्वतःच्या हाताने दाखवून या.